हायस्कूलचे सेवामंडळ: गरज ओळखण्यापासून हिशेब मांडण्यापर्यंत

शाळेत सेवामंडळ सुरू करायचे ठरले की पहिल्याच बैठकीत ‘पैसे कसे जमवायचे?’ हा प्रश्न निघतो आणि पुढचा तासभर चर्चा त्याच्याभोवती फिरत राहते. क्रम इथेच चुकतो. कोणाला, कशाची, किती आणि कधी गरज आहे हे कळल्याशिवाय किती निधी लागेल हे सांगता येत नाही, आणि आकडाच ठाऊक नसताना मागितलेल्या पैशाचा हिशेबही पुढे धड देता येत नाही. पहिल्यांदाच असे मंडळ काढणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांची जबाबदारी घेणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. त्यातील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने चढाव्यात, कारण बहुतेक अडचणी मधली पायरी गाळल्यामुळे येतात.

पहिली पायरी: स्वतंत्र मंडळ की मोठ्या संस्थेशी संलग्न?

शालेय सेवामंडळांची कल्पना शंभर वर्षांची आहे. किवानिस या प्रौढांच्या सेवासंस्थेच्या पुढाकाराने अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे १९२५ मध्ये पहिला ‘की क्लब’ सुरू झाला. लायन्सशी जोडलेल्या ‘लिओ क्लब’चा उगम १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अॅबिंग्टन हायस्कूलमध्ये झाला, तेथील बेसबॉलचे प्रशिक्षक लायन्सचे सदस्य होते आणि त्यांच्या संघातील मुलेच पहिल्या क्लबचा कणा ठरली. रोटरीचा ‘इंटरॅक्ट’ १९६२ मध्ये आला. तो १२ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे आणि वर्षाला किमान दोन उपक्रम करणे त्यात अपेक्षित असते: एक आपल्या शाळेच्या किंवा परिसराच्या उपयोगाचा आणि दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्य वाढवणारा.

अशा संस्थेशी जोडून घेण्याचे फायदे उघड आहेत. तयार नियमावली मिळते, अनुभवी प्रौढांचे मार्गदर्शन मिळते आणि बाहेरच्या लोकांना नाव परिचयाचे असते. त्याबरोबर वर्गणी, अहवाल आणि ठरावीक कार्यपद्धतीही येते. जवळपास अशा संस्थेचा, मंडळाला आधार देणारा एखादा कार्यरत प्रौढांचा क्लब असेल आणि त्याचे सदस्य खरोखर वेळ देणार असतील, तर संलग्न व्हावे. केवळ नावासाठी व्हायचे असेल, तर शाळेच्या नावाखालीच एक वर्ष काम करून पाहावे आणि मग निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे. मंडळाचे नाव, बोधचिन्ह, टी-शर्ट यांवर पहिले दोन महिने घालवणाऱ्या मंडळांबद्दल न बोललेलेच बरे.

दुसरी पायरी: परवानगी, पदाधिकारी आणि एक पानाची नियमावली

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि एक मार्गदर्शक शिक्षक या दोन गोष्टींशिवाय काहीही सुरू करू नये. तोंडी होकार पुरेसा वाटतो, पण पहिल्यांदा पैसे हाती येतात किंवा पहिल्यांदा मुले शाळेबाहेर जातात, तेव्हा तो होकार नेमका कशाला होता यावर वाद होतो. परवानगीच्या अर्जात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: मंडळाला शाळेच्या आवारात आणि शाळेच्या नावाने निधी गोळा करता येईल का, तो कोणत्या खात्यात राहील, आणि शाळेबाहेरच्या उपक्रमांना प्रत्येक वेळी वेगळी मंजुरी लागेल का.

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि खजिनदार एवढे पदाधिकारी सुरुवातीला पुरतात. अध्यक्ष निवडताना सगळे उत्साहाने मते देतात, पण मंडळ टिकते ते सचिव आणि खजिनदार यांच्यामुळे. वहीत आजची नोंद आजच करणारा, दोन आकडे जुळले नाहीत तर अस्वस्थ होणारा, आणि जिवलग मित्राकडेही ‘बिल कुठे आहे?’ असे विचारू शकणारा विद्यार्थी खजिनदार व्हावा. तो वक्तृत्वात मागे असला तरी चालतो.

नियमावली एका पानात मावेल एवढीच लिहावी. सदस्य कोण होऊ शकतो, पदाधिकाऱ्यांची मुदत किती, निर्णयासाठी किती सदस्य हजर हवेत, आणि खर्चाला मंजुरी कोण देतो, एवढे त्यात आले की झाले. बैठकीचा वार व वेळ ठरलेली असावी, आणि प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात चर्चेपेक्षा निर्णय लिहावेत: कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचे.

तिसरी पायरी: गरज विचारून घेणे

या पायरीला जितका वेळ द्यावा तितका थोडा. देणाऱ्याला जे द्यावेसे वाटते आणि घेणाऱ्याला जे हवे असते, त्यांत बहुधा अंतर असते. २००४ च्या डिसेंबरमधील त्सुनामीनंतर हिंद महासागराच्या किनाऱ्यांवर जगभरातून मदत आली. त्यात न वापरता येण्याजोग्या जुन्या कपड्यांचे ढीग होते, आणि ते निवडणे, साठवणे व विल्हेवाट लावणे हे मदतकार्यावरचे आणखी एक ओझे होऊन बसले. पाठवणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती. त्यांनी कोणाला विचारले नव्हते, एवढेच.

म्हणून उपक्रम ठरवण्याआधी दोन-तीन सदस्यांनी मार्गदर्शक शिक्षकांसह संबंधित संस्थेत किंवा वस्तीत जाऊन बोलावे. जाताना ‘आम्ही तुमच्यासाठी काय करू?’ एवढाच मोघम प्रश्न नेऊ नये. त्यावर समोरचा माणूस भिडेपोटी ‘जे जमेल ते’ म्हणतो. त्याऐवजी नेमके विचारावे. गेल्या वर्षभरात तुम्हाला कोणत्या वस्तू गरजेपेक्षा जास्त मिळाल्या? कोणते काम माणसे कमी असल्यामुळे रोज मागे पडते? कोणता खर्च देणगीदार सहसा उचलत नाहीत? मुले आली तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला तुमच्याकडे कोणी आहे का, की आमचे येणे हेच तुमचे काम वाढवेल?

वृद्धाश्रमाचे उदाहरण घ्यावे. बाहेरून पाहणाऱ्याला चादरी आणि फळे सुचतात. विचारल्यावर असे कळू शकते की चादरी कपाटात न मावण्याइतक्या आहेत, पण मोबाइलमधील अक्षरे मोठी करून देणारे, बँकेचा अर्ज भरून देणारे, डोळ्यांचे थेंब कोणत्या वेळी घालायचे हे ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावणारे कोणी नाही. ही कामे नववीतला विद्यार्थी उत्तम करू शकतो आणि त्यांना जवळजवळ खर्च येत नाही. आणखी एक गोष्ट तेथेच कळते: विशेष दिवसांना पाहुण्यांची रीघ लागते आणि एरवी महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. अशा वेळी पन्नास मुलांनी एक दिवस जाण्यापेक्षा पाच-पाच मुलांनी दर पंधरवड्याला जाणे अधिक उपयोगाचे.

गरजांची यादी हाती आल्यावर तिचे दोन भाग करावेत: ज्याला पैसे लागतात ते आणि ज्याला वेळ व हात लागतात ते. पहिल्या वर्षी दुसऱ्या भागातील एक काम आणि पहिल्या भागातील एक छोटे काम घ्यावे. पाच उपक्रम जाहीर करून दोन अर्धवट सोडणारी आरंभशूर मंडळे प्रत्येक शाळेच्या आठवणीत असतात.

चौथी पायरी: अंदाजपत्रक

निधीचे लक्ष्य वरून ठरवू नये, खालून मोजत आणावे. वाचनालयाला पुस्तके द्यायची असतील तर ग्रंथपालांकडून नावांची यादी घ्यावी, दोन-तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवावीत, वाहतूक आणि कपाटाचा खर्च धरावा, आणि एकूण रकमेच्या सुमारे दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवावेत. हा झाला कामाचा खर्च. निधी गोळा करण्याचा खर्च वेगळा मांडावा, कारण तो जमलेल्या रकमेतून आधी वजा होतो आणि नवख्या मंडळांचे गणित नेमके तिथेच फसते.

समजा, सांस्कृतिक कार्यक्रमाची तिकिटे विकायची आहेत आणि मंच, ध्वनियंत्रणा, छपाई मिळून जो ठरलेला खर्च आहे तो एका तिकिटामागे उरणाऱ्या रकमेच्या शंभरपट आहे. मग पहिली शंभर तिकिटे फक्त खर्च भरून काढतात. सेवेसाठी पहिला पैसा एकशे एकाव्या तिकिटापासून मिळतो. सभागृहात दीडशेच खुर्च्या असतील, तर सगळा आटापिटा पन्नास तिकिटांसाठी चालला आहे हे आधीच दिसते. असा कार्यक्रम करू नये असे नाही. मुलांना त्यातून खूप शिकायला मिळते. पण त्याला निधी संकलन म्हणण्यापूर्वी हा हिशेब फळ्यावर मांडावा.

पाचवी पायरी: निधी जमवण्याचा मार्ग निवडणे

नवीन मंडळासाठी ज्याला आगाऊ भांडवल लागत नाही तो मार्ग चांगला. जुने वर्तमानपत्र आणि पुठ्ठा गोळा करून विकणे, गाड्या धुऊन देणे, विद्यार्थ्यांनी केलेल्या वस्तूंची विक्री, वापरलेल्या पुस्तकांची विक्री, हे सगळे या प्रकारात येतात. रद्दी गोळा करताना ती कोरडी ठेवणे आणि वर्तमानपत्र, पुठ्ठा व वह्या-पुस्तके वेगवेगळी बांधणे महत्त्वाचे, कारण मिसळलेल्या मालाला भाव कमी मिळतो. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर शाळेचे आणि स्थानिक आरोग्यविषयक नियम आधी पाहावेत, आणि दाणे, दूध, अंडी यांसारखे अॅलर्जी होऊ शकणारे घटक प्रत्येक पदार्थासमोर लिहून ठेवावेत.

प्रायोजित चालणे किंवा धावणे हा प्रकार कमी खर्चाचा आणि भरपूर देणारा आहे. प्रत्येक सहभागी विद्यार्थी नातेवाईक व शेजाऱ्यांकडून फेरीमागे ठरावीक रकमेचे वचन घेतो आणि पूर्ण केलेल्या फेऱ्यांनुसार रक्कम जमा होते. यात दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. वचनपत्रावर कमाल रकमेचा रकाना असावा, नाहीतर एखाद्या दमदार धावपटूमुळे आजोबांची पंचाईत होते. दुसरे, वचन दिलेली रक्कम आणि हाती आलेली रक्कम या वेगळ्या असतात. वसुली आठवड्याभरात केली नाही तर ती रेंगाळते आणि मुलांनाही पुन्हा पुन्हा मागायला संकोच वाटू लागतो.

दानपेटी घेऊन फिरण्यात मोठी परंपरा आहे. मुलांनी युनिसेफसाठी निधी गोळा करण्याचा अमेरिकेतील उपक्रम १९५० मध्ये फिलाडेल्फियात दुधाच्या रिकाम्या खोक्यांपासून सुरू झाला आणि पहिल्या वेळी १७ डॉलर जमले. या मार्गाचे मर्म असे की पेटी बंद आणि क्रमांक घातलेली असावी, तिच्यावर मंडळाचे नाव व निधीचा नेमका उद्देश लिहिलेला असावा, आणि ती मोहरबंद स्थितीतच परत यावी. दारोदार जाताना मुले किमान जोडीने असावीत, सोबत प्रौढ व्यक्ती असावी आणि अंधार पडण्याआधी सर्वांनी परतावे. ‘नाही’ म्हणणाऱ्याचे आभार मानून पुढे जाणे हेही आधी शिकवावे लागते.

सोडत किंवा लॉटरी मात्र सोपी दिसली तरी टाळावी. अनेक ठिकाणी तिला जुगाराविषयीचे कायदे लागू होतात आणि अल्पवयीन मुलांनी तिकिटे विकण्यावर बंधने असतात. ऑनलाइन निधी संकलनासाठीही विद्यार्थ्याचे किंवा पालकाचे वैयक्तिक खाते वापरू नये. हेतू कितीही शुद्ध असला तरी वैयक्तिक खात्यात गेलेला सार्वजनिक पैसा संशयाला जागा देतो.

सहावी पायरी: रोकड मोजणे

कार्यक्रम संपतो, सगळे दमलेले असतात, छायाचित्रे काढणे चालू असते, आणि एका कोपऱ्यात कोणीतरी डब्यातले पैसे घाईघाईने मोजत असते. बहुतेक गैरसमज याच अर्ध्या तासात जन्माला येतात, म्हणून त्याची पद्धत आधी ठरवावी.

विक्री सुरू होण्यापूर्वी सुट्ट्या पैशांसाठी डब्यात किती रक्कम ठेवली हे चिठ्ठीवर लिहून डब्यातच टाकावे. विक्रीच्या टेबलावर दोघे बसावेत: एक पैसे घेणारा आणि दुसरा पावती किंवा तिकीट देणारा. कार्यक्रम संपल्यावर डबा शिक्षकांच्या उपस्थितीत बंद खोलीत उघडावा. टेबल पूर्ण मोकळे करावे. दप्तरे, पिशव्या, फायली खाली ठेवाव्यात. नोटा मूल्यानुसार एकाच दिशेला तोंड करून लावाव्यात, नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती कराव्यात. एका विद्यार्थ्याने सगळे मोजून आकडा कागदावर लिहावा, पण मोठ्याने सांगू नये. मग दुसऱ्याने पहिल्याचा कागद न पाहता पुन्हा मोजावे. आकडा आधीच कानावर पडला की दुसरी मोजणी मोजणी राहत नाही, नकळत त्या आकड्याशी जुळवून घेणे सुरू होते. दोन्ही कागद समोरासमोर ठेवून जुळले तर सुरुवातीची सुट्ट्यांची रक्कम वजा करावी, उरलेली रक्कम विकलेल्या तिकिटांच्या क्रमांकांशी पडताळावी, आणि मोजणीच्या पत्रकावर दोघांच्या व शिक्षकांच्या सह्या घ्याव्यात.

थोडीफार तफावत निघाली तर ती तशीच लिहावी. खिशातून भर घालून आकडा जुळवणे चुकीचे, कारण त्यामुळे चूक कुठे झाली ते कधीच कळत नाही. रक्कम त्याच दिवशी शाळेच्या कार्यालयात जमा करून पावती घ्यावी. ती रात्रभर कोणाच्याही घरी राहू नये. तसेच जमलेल्या रोकडीतून परस्पर खर्च भागवू नये. मंडपवाल्याचे पैसे डब्यातूनच देऊन टाकले की जमा आणि खर्च दोन्ही कमी दिसतात आणि वहीचा ताळमेळ बसत नाही. आधी सगळी रक्कम जमा, मग मंजुरी घेऊन बिलाप्रमाणे खर्च.

सातवी पायरी: वस्तुरूप देणग्या

कपडे, पुस्तके, धान्य यांचे संकलन जाहीर करताना काय हवे याबरोबर काय नको हेही तितक्याच ठळकपणे लिहावे. तरीही नको ते येतेच: एकाच पायाचा बूट, अर्धी सोडवलेली स्वाध्यायपुस्तिका, मुदत संपलेला डबा. म्हणून संकलनाच्या दिवसाइतकीच माणसे निवडीच्या दिवसासाठी राखून ठेवावीत. कपडे निवडताना चेन (झिप) ओढून पाहाव्यात, खिसे तपासावेत, ओलसर वास येणारा कपडा वेगळा काढावा, आणि प्रत्येक खोक्यावर आत काय, कोणत्या मापाचे आणि किती नग आहेत हे बाहेरून लिहावे. आपण स्वतः मित्राला देऊ शकणार नाही अशी वस्तू पुढे पाठवू नये. अन्नवाटप करणाऱ्या संस्थांना बऱ्याचदा वस्तूंपेक्षा रोख रक्कम सोयीची पडते, कारण त्या घाऊक दराने आणि गरजेप्रमाणे खरेदी करू शकतात. तेव्हा डबे गोळा करण्याआधी तेही विचारून घ्यावे.

आठवी पायरी: प्रत्यक्ष काम

शाळेबाहेरच्या प्रत्येक उपक्रमासाठी पालकांचे लेखी संमतिपत्र, उपस्थितीची यादी, प्रथमोपचार पेटी आणि परतीची ठरलेली वेळ हवी. परिसर स्वच्छतेच्या वेळी हातमोजे आणि बंद बूट अनिवार्य असावेत. काच, सुया, औषधांचा कचरा यांना विद्यार्थ्यांनी हात न लावता प्रौढांना बोलवावे. रक्तदान शिबिरात मुले नोंदणी, मार्गदर्शन आणि प्रचार सांभाळू शकतात, पण दात्यासाठी किमान वयाची अट असते आणि अनेक देशांत ती १८ वर्षे आहे, त्यामुळे हायस्कूलच्या मुलांची भूमिका संयोजकांची राहते.

छायाचित्रांबाबत मंडळाने लेखी नियम करावा, असा माझा आग्रह आहे. मदत घेणाऱ्याचा चेहरा, विशेषतः लहान मुलाचा, त्याच्या आणि पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय टिपू नये. मदतीची पिशवी हातात धरायला लावून रांगेत उभे करणे तर संमती असली तरी टाळावे. ज्याला मदत हवी आहे तो ‘नको’ म्हणण्याच्या स्थितीत नसतो. रचून ठेवलेली खोकी, रंगवलेली भिंत, काम करणारे हात यांची छायाचित्रे अहवालाला पुरतात.

नववी पायरी: हिशेब आणि आभार

उपक्रम संपल्यापासून दोन आठवड्यांच्या आत एका पानाचा हिशेब सूचना फलकावर लागावा. त्यात एकूण जमा, निधी गोळा करण्याचा खर्च, निव्वळ रक्कम, प्रत्यक्ष सेवेवर झालेला खर्च आणि शिल्लक हे पाच आकडे वेगळे दिसावेत. फक्त एकूण जमा जाहीर करण्याचा मोह होतो, कारण तो आकडा मोठा असतो. पण देणगीदाराला खरे तर निव्वळ रक्कम जाणून घ्यायची असते. एका उद्देशासाठी मागितलेला पैसा दुसऱ्या उद्देशाकडे वळवू नये. शिल्लक उरलीच तर तिचे काय करायचे हे मागतानाच सांगितलेले असावे. मंडळात नसलेल्या एका शिक्षकाकडून वर्षाअखेरीस वही तपासून घ्यावी.

आभारपत्र छोटे असावे आणि त्यात ‘आपल्या मदतीमुळे’ यापुढे काहीतरी ठोस यावे: किती पुस्तके आली, कोणत्या वर्गाला मिळाली, कपाट कुठे ठेवले. वेळ देणाऱ्यांचेही तसेच आभार मानावेत. पैसे देणाऱ्याची नावे फलकावर आणि दिवसभर खोकी उचलणाऱ्याचे नाव कुठेच नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येते.

दहावी पायरी: पुढच्या तुकडीकडे सोपवणे

शालेय मंडळाची खास अडचण अशी की त्याचे सर्वांत अनुभवी सदस्य दरवर्षी शाळा सोडून जातात. म्हणून नव्या पदाधिकाऱ्यांची निवड वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात न करता परीक्षेच्या किमान दोन महिने आधी करावी, आणि एक उपक्रम जुन्या व नव्यांनी मिळून पार पाडावा. हस्तांतराच्या फाइलमध्ये नियमावली, इतिवृत्ते, मोजणीची पत्रके, बिले, परवानग्यांच्या प्रती, प्रत्येक संस्थेतील कोणाशी कोणत्या वेळी बोलणे सोयीचे पडते याची टिपणे, आणि प्रत्येक उपक्रमानंतर लिहिलेले ‘पुढच्या वेळी काय बदलावे’ हे पान असावे. ऑनलाइन खात्यांचे पासवर्ड मार्गदर्शक शिक्षकांकडे बंद पाकिटात द्यावेत आणि हस्तांतरानंतर बदलावेत. खजिनदाराचे हस्तांतर वेगळे करावे: जुन्या आणि नव्या खजिनदाराने शिक्षकांसमोर शिल्लक रक्कम वहीशी व खात्याशी ताडून पाहावी, वहीत शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून दोघांनी सह्या कराव्यात, आणि पुढची नोंद नव्या खजिनदाराने स्वतःच्या हाताने लिहावी.